सर्दी पावसातून येत नाही

पहिल्या पावसात मूल भिजतं, तिसऱ्या दिवशी शिंकायला लागतं आणि घरात खटला उभा राहतो. आरोपी ठरलेले असतात: पाऊस, दही, केळं, पेरू आणि फ्रीजमधलं पाणी. आजी साक्ष देते, आई कबुली देते आणि केळ्यांवर आठवडाभर बंदी येते. खरा गुन्हेगार मात्र बहुतेक वेळा त्याच खोलीत असतो. शाळेतून नाक ओढत आलेला थोरला भाऊ, कामावरून खोकत आलेले वडील, किंवा घरातल्या सगळ्या मुलांची नाकं पुसणारा एकच पदर.

पडसं, घसा बसणं, टॉन्सिल सुजणं, सायनस भरणं, हे सगळे श्वसनमार्गाच्या वरच्या भागाचे संसर्ग. यातले बहुतेक विषाणूंमुळे होतात. नुसती सर्दी आणणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत आणि त्यांत राइनोव्हायरसचा वाटा सर्वांत मोठा आहे. थंड हवेत नाकाचा पहारा थोडा ढिला पडतो हे खरं; पण विषाणू नाकापर्यंत पोचलाच नाही तर नुसतं भिजून सर्दी होत नाही. पावसाळ्यात ती वाढते, कारण आपण दारं-खिडक्या लावून एकमेकांच्या अंगाला अंग लावून बसतो.

मोठ्या माणसाला वर्षातून दोन-तीनदा आणि लहान मुलाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचं आहे. मूल अंगणवाडीत किंवा पाळणाघरात जायला लागलं की पहिल्या वर्षी हा आकडा आणखी चढतो. त्यामुळे ‘आमचं पोर कायम आजारी, त्याच्यात ताकदच नाही’ असं लगेच ठरवू नका. मूल खेळतंय, खातंय, त्याचं वजन वाढतंय, तर त्याची प्रतिकारशक्ती काम करते आहे. आपल्या हातात आहे ते दोन गोष्टींत: संसर्गाच्या वाटा अरुंद करणं, आणि साध्या सर्दीचा न्यूमोनिया होत असेल तर ते वेळेत ओळखणं.

धोका कुठे वाढतो?

पहिलं कारण दाटीवाटी. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, रात्री डास आणि चोरांच्या भीतीने बंद खिडकी, एकाच सतरंजीवर झोपलेली चार भावंडं. अशा खोलीत एकाचा खोकला सगळ्यांचा व्हायला दोन रात्री पुरतात. आश्रमशाळेच्या शयनगृहात किंवा कोचिंगच्या मुलांनी भाड्याने घेतलेल्या खोलीतही हेच होतं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांचं तर सगळंच एकत्र येतं. हंगाम ऐन थंडीतला, राहायला पाचटाची कोपी, आत चूल, पहाटे आई-बाप फडात आणि तान्हं मूल त्याच्या मोठ्या बहिणीच्या कडेवर. शिवाय गाव सुटल्यामुळे लसीची तारीखही हुकते.

दुसरं कारण धूर. नाकापासून श्वासनळीपर्यंतच्या आतल्या अस्तरावर केसांसारखे बारीक तंतू असतात. ते सतत हलत राहून धूळ आणि जंतू चिकट स्रावासकट बाहेर ढकलतात. धुराने हे तंतू लुळे पडतात आणि जंतूंना दार उघडं मिळतं. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गॅस पुष्कळ घरांत पोचला. तरी सिलिंडर पुरवून वापरायचा म्हणून भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवरच, हे चित्र आजही गावोगाव दिसतं. त्यात बिडी-सिगारेटचा धूर मिसळतो. डास पळवणाऱ्या कॉइलचा विचार तर आपण करतच नाही. बंद खोलीत एक कॉइल जळून संपते तेव्हा तिच्यातून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असल्याचं मोजमापातून दिसलं आहे. ती बहुधा बाळाच्या पाळण्याखालीच ठेवलेली असते.

तिसरं कारण बोलायला अवघड, कारण ते मायेच्या पोटी येतं. बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी पेटते. ओवा, वावडिंग, लसणाच्या साली निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी दिली जाते. नाकात तेलाचे थेंब घातले जातात. जन्मल्या जन्मल्या मधाचं बोट चाटवलं जातं आणि काही घरांत चीक पिळून टाकला जातो. हे करणारे हात प्रेमाचे असतात, यात शंका नाही. पण धुरी म्हणजे आठ दिवसांच्या फुप्फुसात मुद्दाम भरलेला धूर. नाकातलं तेल फुप्फुसात उतरून तिथे सूज आणू शकतं. एक वर्षाखालच्या बाळाला मधातून बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा होऊ शकते. आणि पिळून टाकलेला चीक हे बाळाचं पहिलं संरक्षण असतं. शेगडी लावायचीच असेल तर ती खोलीबाहेर, बाळंतिणीच्या शेकापुरती ठेवा. बाळाला ऊब हवी, तर आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घालण्याइतकी चांगली ऊब कशातच नाही.

कमी वजन, अपुरं पोषण, अर्धवट लसीकरण, बाटलीचं दूध आणि घरातल्या भिंतींची ओल यांनीही धोका वाढतो. मोठ्यांमध्ये मधुमेह, दमा, हृदयविकार असलेले, गरोदर स्त्रिया आणि पासष्टीच्या पुढची माणसं जास्त जपावी लागतात. त्यांचा फ्लू साधा राहीलच असं नाही.

घरात काय बदलता येईल?

हवेपासून सुरुवात करा. दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, समोरासमोरची दारं-खिडक्या निदान पंधरा-वीस मिनिटं उघडा. एकच खिडकी असेल तर दार उघडं ठेवून पंख्याचं तोंड खिडकीकडे करा, म्हणजे आतली हवा बाहेर जाईल. डासांसाठी खिडकीला जाळी आणि झोपताना मच्छरदाणी वापरा. कॉइलचा खर्च वाचतो आणि खिडकी बंद करायचं कारणही उरत नाही. आजारी माणसाला खिडकीजवळ झोपवा. वेगळी खोली नसते, हे मान्य. अशा वेळी त्याचं डोकं बाकीच्यांच्या पायांच्या बाजूला ठेवा. निदान तोंडासमोर तोंड येणार नाही.

धुराचं गणित वेगळं करा. पाण्याचा बंब ओसरीवर किंवा अंगणात पेटवा. चूल सोडता येत नसेल तर तिच्यावर धुराडं बसवा, वाळलेलीच लाकडं वापरा आणि स्वयंपाक होईपर्यंत झोळी, पाळणा, रांगतं मूल दुसरीकडे ठेवा. घरात बिडी ओढणाऱ्याला ‘दारात जाऊन ओढ’ एवढं सांगून भागत नाही, कारण दारातला धूर आतच येतो. त्याने अंगणाबाहेर जावं. त्याहून बरं म्हणजे सोडावी.

हातांचा नंबर त्यानंतर, पण महत्त्वात तो खालचा नाही. शिंकताना हात तोंडापाशी नेतो, मग त्याच हाताने दाराची कडी, मोबाइल, बसचा दांडा. पुढचा माणूस तिथे हात लावून स्वतःचं नाक-डोळे चोळतो आणि साखळी पूर्ण होते. साबणाने वीस सेकंद हात धुण्याच्या सवयीने सर्दीसारखे श्वसनाचे आजार साधारण १६ ते २१ टक्क्यांनी कमी होतात. बाहेरून आल्यावर, नाक शिंकरल्यावर, जेवण्याआधी आणि बाळाला घेण्याआधी, एवढ्या चार वेळा पाळल्या तरी पुष्कळ झालं. पाणी टँकरचं असेल तर धुण्यासाठी वाहता नळ लागत नाही. तांब्याने धार धरणारं दुसरं कोणी असलं की पुरे. साबण मात्र हवाच.

खोकला-शिंक आली तर तोंड कोपराच्या घडीत लपवा. रुमाल प्रत्येकाचा वेगळा, टॉवेलही वेगळा. पदराने मुलाचं नाक पुसायचं आणि त्याच पदराने ताट पुसून वाढायचं, ही सवय मोडा. कमरेला वेगळं फडकं खोचा आणि ते रोज धुवा. ज्याला सर्दी आहे त्याने घरात तान्ह्या बाळापाशी किंवा म्हाताऱ्या माणसापाशी जाताना मास्क लावावा. पापे घेणं आठवडाभर थांबवलं तर कोणाचं प्रेम कमी होत नाही. पाणी पिताना एकच पेला तोंडाला लावून पुढे देऊ नका. वरून पिण्याची आपली जुनी पद्धत इथे उपयोगी पडते.

बाळाला पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या, पाणीसुद्धा नको. आईला सर्दी असली तरी दूध थांबवू नये. तिने तोंडाला मास्क किंवा स्वच्छ फडकं बांधून पाजावं. बाळाला आडवं झोपवून बाटली तोंडात देऊ नका. लहान मुलाच्या घशातून कानाकडे जाणारी नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे दूध आणि जंतू तिकडे सरकतात आणि चार दिवसांनी कान फुटतो. फुटलेल्या कानात तेल घालू नका, डॉक्टरांना दाखवा.

गल्ली, शाळा आणि सणवार

एका घराने कितीही काळजी घेतली तरी शेजारचं घर, शाळेचा वर्ग आणि सार्वजनिक नळ हे सगळ्यांचेच असतात. म्हणून काही गोष्टी मिळून ठरवाव्या लागतात.

शाळेत शंभर टक्के हजेरीचं बक्षीस असेल तर पालकसभेत तो विषय काढा. ते बक्षीस ताप आलेल्या मुलालाही वर्गात आणून बसवतं. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस इतरांना आजार देऊ शकतो. म्हणून ताप औषधाशिवाय उतरून चोवीस तास होईपर्यंत मूल घरी ठेवावं, हा नियम शाळेनेच जाहीर करावा. वर्गाच्या खिडक्या फळे किंवा कपाटं लावून बंद झाल्या असतील तर त्या मोकळ्या करून घ्या. अंगणवाडीत खाऊच्या आधी हात धुण्यासाठी साबण आहे की नाही, हे महिन्यातून एकदा जाऊन पाहा. एकटीने सगळं सांभाळणाऱ्या सेविकेला मदत करणाऱ्या दोन आया मिळाल्या, तरी फरक दिसतो.

आपलं सणांचं वेळापत्रक आणि फ्लूचं वेळापत्रक एकमेकांत गुंतलेलं आहे. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, जुलै ते सप्टेंबर, आणि लहान लाट थंडीत. म्हणजे आषाढीची वारी, दहीहंडी, गणपती हे पहिल्या लाटेत आणि संक्रांतीनंतरची हळदी-कुंकवं दुसऱ्या लाटेत. सण बंद करा असं कोणी म्हणणार नाही. पण खोकला-ताप असेल तर आरतीला घरूनच हात जोडा, तान्ह्या बाळाला मंडपातल्या गर्दीत नेऊ नका, आणि बाळ बघायला जाणाऱ्यांनी आपलं नाक गळत नाही ना, हे आधी बघावं. मंडळांनी मंडपाच्या दोन बाजू तरी उघड्या ठेवाव्यात.

लस: पावसाच्या आधी

ऑगस्ट २००९ मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू पुण्यात झाला. शाळा बंद झाल्या आणि तोंडाला रुमाल बांधलेली माणसं रस्तोरस्ती दिसू लागली. तो विषाणू गेला नाही. आज तो मोसमी फ्लूचाच एक भाग आहे. त्याविरुद्धची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू रूप बदलतो. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून आपल्याकडे ती मे अखेरपर्यंत घेतलेली चांगली. सहा महिन्यांपुढची मुलं, गरोदर स्त्रिया, मधुमेही, दमेकरी आणि ज्येष्ठ यांनी तरी डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारावं. सरकारी दवाखान्यात जोखमीच्या गटांना ती मोफत मिळते का, याची चौकशी आशाताईंकडे करा.

बाळाच्या नेहमीच्या मोफत लसी त्याहूनही महत्त्वाच्या. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांची पेंटाव्हॅलंट लस घटसर्प, डांग्या खोकला आणि न्यूमोनियाला कारण होणाऱ्या हिब जंतूपासून वाचवते. न्यूमोकोकल लस दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा मिळते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा १६ ते २४ महिन्यांत. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसह दाट वस्त्यांमध्ये गोवर पसरला, तो लस राहिलेल्या मुलांमध्येच जास्त. गोवरानंतर न्यूमोनिया होऊन मुलं दगावतात, हे विसरू नका. कामासाठी गाव सोडताना माता-बाल संरक्षण कार्ड भाकरीच्या फडक्याइतक्याच आठवणीने बरोबर घ्या. राहिलेला डोस कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रातही मिळतो.

औषधाची बाटली उघडण्याआधी

साधी सर्दी आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. शेंबूड हिरवा-पिवळा झाला म्हणजे अँटिबायोटिक हवंच, असं नाही. विषाणूवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग नसतो. गोळ्यांच्या पाकिटाच्या मागे उभी लाल रेषा असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका, आणि ‘डॉक्टर, एक सुई द्याच’ असा आग्रहही धरू नका.

एक अपवाद नीट लक्षात ठेवा. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा अचानक खूप दुखायला लागला, ताप आला, मानेतल्या गाठी दुखू लागल्या, आणि सर्दी-खोकला मात्र नाही, तर तो स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग असू शकतो. त्याकडे दुर्लक्ष झालं तर दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. इथे डॉक्टरांनी दिलेलं अँटिबायोटिक बरं वाटलं तरी ठरलेले सगळे दिवस पूर्ण करायचं.

खोकल्याच्या पातळ औषधाबाबत तर दोनदा विचार करा. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलांची मूत्रपिंडं निकामी झाली. उपचारासाठी त्यांतल्या अनेकांना नागपूरला आणावं लागलं होतं. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची अशी औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांपर्यंत ती साधारणपणे टाळावीत. भेसळ नसली तरी लहान मुलांना त्यांचा फायदा फारसा होत नाही.

मग करायचं काय? पाणी, पेज, सूप, आईचं दूध थोडं थोडं पण वारंवार द्या. तान्ह्याचं नाक चोंदलं असेल तर दूध पाजण्याआधी औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब घाला. एक वर्षापुढच्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध चालतो. मोठ्यांनी ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. आलं-गवती चहाचा काढा, हळदीचं दूध यांनी घशाला बरं वाटतं. त्यांनी विषाणू मरत नाही, पण बरं वाटणंही काही कमी नाही. तापाला पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. मुलांना अ‍ॅस्पिरिन मात्र नको. वाफेच्या पातेल्यावर मुलाला वाकवू नका, दर वर्षी मुलं अशाने भाजतात. बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधू नका. कापूर पोटात गेला तर झटके येतात. आणि पोटावर चटके देणं हा उपचार नाही, ती इजा आहे.

श्वास मोजायला शिका

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस बालन्यूमोनियावर काम सुरू केलं, तेव्हा एक साधी अडचण आली. न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजावे लागतात, आणि गावातल्या दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. त्यावर उपाय म्हणून मण्यांची पाटी आणि एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ असं साधन तयार झालं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर न्यूमोनिया समजून उपचार करायचे. शाळेची पायरी न चढलेल्या बायांनी या रीतीने न्यूमोनिया ओळखला आणि मुलं वाचली. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्या कामाचा अहवाल छापून आला.

आपल्या हातात तर मोबाइलचं घड्याळ आहे. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगावरचं कापड वर करून पोटाकडे बघा. पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षं ४० किंवा अधिक असतील तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, शांत असतानाही श्वासाला घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, ओठ निळसर झाले असतील, मूल पाणी-दूध घेत नसेल, घेतलेलं सगळं उलटत असेल, झटके आले असतील किंवा हाक मारूनही ते सुस्त पडून राहत असेल, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. दोन महिन्यांखालच्या बाळाला नुसता ताप आला किंवा अंग गार पडलं, तरी तेवढीच घाई करा.

मोठ्यांनी धाप लागणं, छातीत दुखणं, बोलण्यात गोंधळ होणं, उतरलेला ताप पुन्हा चढणं ही धोक्याची चिन्हं मानावीत. जोखमीच्या गटातल्या माणसाला फ्लूची लक्षणं दिसली तर पहिल्या ४८ तासांत डॉक्टरांकडे जावं. फ्लूवरचं औषध लवकर सुरू केलं तरच नीट काम करतं. आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर सर्दी म्हणून अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची थुंकी-तपासणी मोफत होते, ती करून घ्या.

आज रात्री मूल गाढ झोपलं की त्याच्याशेजारी मिनिटभर बसा आणि श्वास मोजा. निरोगी मुलाचा आकडा माहीत असला, म्हणजे आजाराच्या रात्री वाढलेला आकडा लगेच कळेल. तो माता-बाल संरक्षण कार्डाच्या मागच्या कोऱ्या जागेवर तारखेसकट लिहून ठेवा, आणि उद्या शेजारणीलाही मोजायला शिकवा.